वावर गहाण, डोकं शांत! पापळचा पोरगा 1920 मध्ये विलायतेला निघाला तेव्हा...

अमरावती : आज गावातला पोरगा शिकायला परदेशात निघाला की घरात महिनाभर धावपळ असते. व्हिसा, बँकेचं कर्ज, बॅगचं वजन, विमानतळावर सोडायला कोण जाणार... घरचे रात्र-रात्र झोपत नाहीत. पण शंभर वर्षांआधी, विमान नाही की फोन नाही अशा काळात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळचा एक कास्तकाराचा पोरगा सहा वर्षांसाठी सातासमुद्रापार गेला. तो पोरगा म्हणजे शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख. कृषिमंत्री म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. विलायतेच्या वाटेवरचे पंजाबराव मात्र कमी लोकांना माहीत आहेत.

गाव सुटायची सवय लहानपणापासूनच

पंजाबरावांचा जन्म 27 डिसेंबर 1898 चा. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. गावच्या शाळेत पुढचे वर्गच नव्हते, म्हणून शिक्षणासाठी चांदूर रेल्वे, मग कारंजा लाड, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल असा प्रवास झाला. मॅट्रिक झाल्यावर थेट पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज.

म्हणजे विलायतेच्या आधीच या पोरानं चार वेळा बिऱ्हाड हलवलं होतं. दरवेळी नवं गाव, नवी माणसं, नवं जेवण. वऱ्हाडातून पुण्याला जाणं हेही त्या काळी परमुलुखात जाण्यासारखंच होतं. आईचा पदर एकदम सुटला नाही, थोडा थोडा सुटत गेला. मोठ्या प्रवासाची खरी तयारी ही अशी वर्षानुवर्षे झाली. शेवटच्या महिन्यात फक्त पेटी भरायची राहिली होती.

खरा प्रश्न पैशाचा

बॅरिस्टर व्हायचं तर विलायतेलाच जावं लागे. खर्च हजारोंचा. शामरावांकडे होतं ते वावर. ते गहाण टाकून, कर्ज काढून त्यांनी पोराला पाठवलं, असं वऱ्हाडात आजही सांगितलं जातं. वावर गहाण टाकणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पीक बुडालं तर सावकार दारात. त्यात पोरगा तिकडेच रमला किंवा नापास होऊन परत आला तर? असे प्रश्न गावात त्या काळी कोणालाही पडले असते.

त्यात वेळही वाईट निघाली. 1920 च्या सुरुवातीला एक पौंड सात-आठ रुपयांत मिळत होता. वर्षभरात रुपया इतका घसरला की त्याच पौंडाला पंधरा-सोळा रुपये मोजावे लागू लागले. विलायतेत शिकणाऱ्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याचा खर्च घरच्यांसाठी जवळपास दुप्पट झाला. त्याच वर्षी जगभर कापसाचे भाव कोसळले. वऱ्हाडाचं सगळं पोटच कापसावर. पैसे पाठवणारा बाप आणि पैशाची वाट पाहणारा पोरगा, दोघांनीही धीर धरायचा असा तो काळ होता.

तीन आठवडे पाणीच पाणी

1920 साली पंजाबराव निघाले. तेव्हाचा रस्ता असा : मुंबईपर्यंत रेल्वे, तिथून आगबोट. अरबी समुद्र, एडन, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र करत विलायत गाठायला तीन आठवड्यांच्या आसपास लागत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की पहिलेच काही दिवस माणूस आडवा पडे. घरी पत्र टाकलं तर उत्तर यायला महिना-दीड महिना. आई आजारी पडली तरी पोराला कळेपर्यंत ती बरी झालेली असायची, नाहीतर गेलेली. सुट्टीत घरी यायचा तर विचारच नको, जाण्या-येण्यातच सुट्टी संपायची.

अशा ठिकाणी रोज घराची काळजी करत बसला असता, तर पोरगा पहिल्याच हिवाळ्यात परतला असता. पंजाबरावांनी हाती होतं ते केलं, म्हणजे अभ्यास. एडिनबरो विद्यापीठातून संस्कृत घेऊन एम.ए. केलं. पुढच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली, घरचा भार थोडा हलका झाला. वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली. बॅरिस्टरही झाले. वेदांचा अभ्यास हा ठरावीक लोकांचाच, असं मानलं जायचं त्या काळात कुणब्याच्या पोरानं हे करून दाखवलं.

परत आले ते गावासाठीच

1926 मध्ये ते परतले. नुसती वकिली केली असती तर गहाण वावर सुटून वर बंगला झाला असता. पण 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून ते उभे राहिले. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी सगळ्यांसाठी खुल्या करायला लावल्या. 1930 नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले आणि सावकारी कर्जात बुडालेल्या कास्तकारांसाठी कर्ज लवाद कायद्याचा पाठपुरावा केला. ज्याचं शिक्षणच कर्जावर झालं, त्याला कर्जाचा फास पुस्तकातून शिकावा लागला नाही.

गावची पोरं शाळेपायी गाव सोडतात तेव्हा राहायचं कुठं, हा त्यांचा जुना प्रश्न. म्हणून अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय, आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था. 1952 ते 1962 ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर तिथं आले होते. जो पोरगा जग पाहायला गेला होता, त्यानं जगच इथल्या शेतकऱ्यासमोर आणून उभं केलं.

10 एप्रिल 1965 रोजी त्यांचं निधन झालं. चार वर्षांनी, 1969 मध्ये, अकोल्यात कृषी विद्यापीठ सुरू झालं, ते आज त्यांच्याच नावानं चालतं. शेतकऱ्यांच्या पोरांना वसतिगृहाचा निर्वाह भत्ता देणारी सरकारी योजनाही त्यांच्याच नावाची आहे.

यंदा ज्यांच्या घरून पोरगा किंवा पोरगी बाहेरदेशी निघणार आहे, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. रुपयाचा भाव, पिकाचा भाव, समुद्राचा वारा यांतलं काहीच शामरावांच्या किंवा पंजाबरावांच्या हातात नव्हतं. बापानं पैशाची सोय लावली, पोरानं अभ्यास केला. दोघांनी आपापलं काम धरून ठेवलं, म्हणून सहा वर्षं निघाली.