एमिली हॉबहाऊस : युद्धातल्या मुलांसाठी साबण मागणारी बाई



युद्ध म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर काय येतं? तोफा, रणगाडे, विमानं. पण घरदार सोडावं लागलेली माणसं अनेकदा तोफेने मरत नाहीत. ती मरतात गोवराने, विषमज्वराने, घाणेरड्या पाण्याने. ही गोष्ट जगासमोर धीटपणे मांडणाऱ्या एका बाईंचं चरित्र आज आपण पाहूया.

एमिली हॉबहाऊस यांचा जन्म ९ एप्रिल १८६० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातल्या सेंट आयव्ह या खेड्यात झाला. वडील धर्मगुरू होते. एमिली वीस वर्षांच्या असताना आई गेली आणि पुढची जवळजवळ पंधरा वर्षं आजारी वडिलांची सेवा करण्यात गेली. १८९५ मध्ये वडील वारले, तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठत आणली होती. तोवर त्यांनी जगात नाव व्हावं असं काहीच केलेलं नव्हतं. पुढे त्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या खाणकामगारांच्या गावात समाजकार्यासाठी गेल्या आणि काही वर्षांनी मायदेशी परतल्या.

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध पेटलं. बोअर म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले, मुख्यतः डच वंशाचे शेतकरी. ते गनिमी काव्याने लढू लागले. त्यांना घरून दाणापाणी मिळू नये म्हणून इंग्रज लष्कराने सुमारे ३०,००० घरं जाळली, उभी पिकं नष्ट केली, गुरं मारली. घरातल्या बायका-मुलांना तंबूंच्या छावण्यांत नेऊन ठेवलं. सरकारी कागदांत या छावण्यांना निर्वासितांच्या छावण्या म्हणत. पण विचार करा, स्वतःच घर जाळायचं आणि मग त्या माणसांना निर्वासित म्हणायचं!

एमिलीबाईंनी या बायका-मुलांसाठी मदतनिधी उभा केला आणि डिसेंबर १९०० मध्ये त्या स्वतः जहाजाने केपटाऊनला पोचल्या. जानेवारी १९०१ मध्ये मदतीच्या सामानाने भरलेला रेल्वेचा डबा घेऊन त्या ब्लूमफाँटेनच्या छावणीत गेल्या. तिथे उघड्या माळावर कापडी तंबू होते आणि एकेका तंबूत माणसं दाटीवाटीने कोंबलेली होती. पाणी अपुरं होतं. ते उकळायला जळण नव्हतं. लहानग्यांना दूध नव्हतं. अंगाला, कपड्यांना लावायला साबणसुद्धा नव्हता. साबण ही चैनीची वस्तू समजली जात होती! एमिलीबाईंनी अधिकाऱ्यांकडे पहिल्यांदा काय मागितलं, तर साबण, पाणी उकळायची मोठी भांडी, जळण, दूध आणि अंथरूण-पांघरूण.

मुलं एवढी का मरत होती, हे नीट समजून घ्या. वर्गात विज्ञानाच्या तासालाही हे सांगता येईल. बोअर कुटुंबं एकमेकांपासून मैलोन्‌मैल दूर शेतांवर राहत. त्यामुळे बऱ्याच मुलांना आधी कधी गोवर झालेला नव्हता आणि शरीरात प्रतिकारशक्ती नव्हती. हजारो मुलं एका जागी आणली की एका मुलाचा गोवर सगळ्या छावणीभर पसरतो. त्यात पोटात सकस अन्न नाही. मग गोवरापाठोपाठ न्यूमोनिया आणि दूषित पाण्यातून विषमज्वर. म्हणजे रोगजंतू जुनेच होते, पण त्यांना वाट करून दिली ती युद्धाने.

एमिलीबाई मे १९०१ मध्ये इंग्लंडला परतल्या आणि छावण्यांमध्ये पाहिलेलं सगळं अहवालात मांडलं. देशात गदारोळ झाला. वर्तमानपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवलं. सरकारने चौकशीसाठी मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखाली फक्त स्त्रियांची समिती पाठवली, पण तिच्यात एमिलीबाईंना घेतलं नाही. ऑक्टोबरमध्ये त्या पुन्हा केपटाऊनला गेल्या, तर त्यांना किनाऱ्यावर उतरूच दिलं नाही. परत पाठवून दिलं.

मात्र समितीलाही तेच दिसलं. तिने परिचारिका, चांगलं अन्न आणि उकळलेलं पाणी यांची शिफारस केली. छावण्यांचा कारभार लष्कराकडून मुलकी अधिकाऱ्यांकडे गेला. ऑक्टोबर १९०१ मध्ये वर्षाला दर हजारी ३४४ या गतीने होणारे मृत्यू मे १९०२ पर्यंत २० वर आले. गोवराची साथ ओसरली हेही त्याचं एक कारण होतंच. पण तोवर सुमारे २८,००० बोअर माणसं गेली होती आणि त्यांतली सुमारे २२,००० सोळा वर्षांखालची मुलं होती. कृष्णवर्णीय आफ्रिकी लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या. तिथे एमिलीबाईही पोचल्या नव्हत्या. त्यांतल्या १४,००० हून अधिक मृत्यूंची नोंद सापडते, पण नोंदीच अपुऱ्या असल्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार. ज्यांची मोजदादच झाली नाही, त्यांच्यासाठी ओरडणार कोण?

युद्ध संपल्यावर एमिलीबाई पुन्हा आफ्रिकेत गेल्या. उजाड झालेल्या गावांतल्या मुलींसाठी त्यांनी सूतकताई आणि विणकामाच्या शाळा काढल्या. १९१४ मध्ये गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्या वाटाघाटींतही त्यांनी मध्यस्थी केली. पहिल्या महायुद्धानंतर त्या जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या उपाशी मुलांना जेवण देण्याच्या कामात उतरल्या. ती तर शत्रूची मुलं! पण त्यांच्या लेखी उपाशी मूल म्हणजे उपाशी मूल.

८ जून १९२६ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी ब्लूमफाँटेनच्या महिला स्मारकात ठेवल्या आहेत. छावण्यांत मेलेल्या बायका-मुलांसाठीच ते स्मारक उभारलेलं आहे.

पालकहो, आजही बातम्यांत तंबूंच्या रांगा दिसतात. मुलं शेजारी बसून पाहत असतात. त्या वेळी कोण जिंकलं एवढंच बोलू नका. तिथे पाणी कुठून येत असेल, शौचालयं किती असतील, बाळांना गोवराची लस मिळाली असेल का, हे मुलांना विचारा. आणि शिक्षकांनो, हात धुण्याचा धडा शिकवताना एमिलीबाईंची ही गोष्ट जरूर सांगा. साबणाची वडी किती मोलाची असते, ते मुलांना लगेच कळेल.