देवासच्या अंथरुणावरून ऐकलेलं

१९४८ सालच्या ३० जानेवारीला, गांधीहत्येच्या दिवशीच, तेवीस वर्षांचा एक गवई माळव्यातल्या देवास गावी राहायला आला. क्षयाने पोखरलेला. मुंबईची दमट हवा सोडा, हा डॉक्टरांचा पहिला हुकूम. दुसरा अधिक कठोर होता : गायचं नाही.

हे कुमार गंधर्व. मूळचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कानडी. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवणाऱ्या या पोराला एका मठाच्या स्वामींनी कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि तेच त्याचं नाव झालं. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये गाऊन त्याने जाणकारांना थक्क केलं. पुढे प्रा. बी. आर. देवधरांकडे रीतसर तालीम झाली. तिथल्याच भानुमती कंस यांच्याशी १९४७ मध्ये लग्न झालं, आणि वर्ष सरायच्या आत आजाराने गाठलं.

त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षं अंथरुणावर गेली. भानुताई शाळेत शिकवून घर चालवत. गळा बंद झाला तरी कान उघडे होते. घरावरून बायका गात जायच्या. लग्नाची गाणी, पावसाची गाणी, पोराला निजवायची गाणी. आपण अशी गाणी ऐकतो आणि विसरतो. कुमारजी ती ऐकत राहिले आणि पुढे स्वरलिपीत टिपून ठेवू लागले. शेकडो धुना जमल्या. चार-पाच सुरांत मावणाऱ्या त्या धुनांत त्यांना न जन्मलेले राग दिसले. मालवती, सहेली तोडी, लगनगंधार, निंदियारी... त्यांना ते धुनउगम राग म्हणत.

स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि माणूस उठला. एक फुप्फुस मात्र कायमचं गेलं. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा पूर्वीचा नकलाकार पोरगा उरलेला नव्हता. घराणेवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माळव्याच्या लोकगीतांचा स्वतंत्र कार्यक्रम, गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत : बायकाबापड्यांची गाणी शास्त्रीय मैफलीत मांडायची, हा काहींना निव्वळ विक्षिप्तपणा वाटला. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ मौजेने छापलं, तेव्हा त्या विक्षिप्तपणाला पुस्तकाचे पुठ्ठे लाभले.

मी बँकेत होतो तेव्हा, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, माझी बदली डहाणूला झाली. एकदा तलासरीच्या बाजूला म्हशींच्या कर्जाची पाहणी करताना उशीर झाला आणि एका वारली पाड्यावर थांबावं लागलं. घरात लग्न होतं. भिंतीवर चौक लिहून झाला होता आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गात होती. तीन-चार सूर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. तासाभराने माझ्या लक्षात आलं, की ‘तेच’ काही येत नाहीये. दर फेरीला एखादा सूर हळूच जागा बदलतोय. खोलीवर येऊन कुमारजींची कॅसेट लावली. आजवर मी ती अवघड म्हणून बाजूला ठेवलेली होती. त्या रात्री ती अवघड वाटली नाही.

बँकवाल्याच्या मनात लगेच येतं, की हे कर्ज कोणाच्या खात्यावर? माळव्यातल्या त्या बायकांची नावं कुठल्याही रागाखाली नाहीत. पण कुमारजींनी उसनवारी कधी लपवली नाही. धून धून म्हणून गायली, राग राग म्हणून. मला तरी हा व्यवहार सचोटीचा वाटतो. व्याज बाकी असेल, तर ते आपल्या सगळ्यांकडे.

भानुताई १९६१ मध्ये दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे घरात आल्या आणि मैफलीतही शेजारी बसल्या. देवासला शीलनाथांच्या धुनीवर येणाऱ्या नाथपंथी जोग्यांचा सूर त्यांच्या कबीराच्या निर्गुणी भजनांत आला, तीही अशीच कानांची कमाई. पद्मभूषण, पद्मविभूषण झाले. देवास त्यांनी सोडलं नाही. तिथेच १२ जानेवारी १९९२ रोजी, रविवारी, ते गेले.

बातमी ऐकली तेव्हा मला तो पाडा आठवला. मी त्या रात्रीची जुनी डायरी काढून पाहिली. म्हशी किती, हप्ते किती थकले, सगळं नीट लिहिलं होतं. त्या बाईच्या गाण्यातला एकही सूर नव्हता.