श्रीसंत एकनाथ महाराज आणि हिंदु-तुर्क संवाद

गोदावरीच्या उत्तर तीरावरील श्रीक्षेत्र पैठण ही प्राचीन प्रतिष्ठान नगरी. दक्षिणकाशी म्हणून तिचा लौकिक आहे. या पुण्यनगरीत इ.स. १५३३ च्या सुमारास श्रीसंत एकनाथ महाराजांचा जन्म झाला. पिता सूर्यनारायण, माता रुक्मिणी. विजयनगराहून श्रीविठ्ठलाची मूर्ती पंढरपुरास परत आणणारे म्हणून ज्यांचा महिमा गायला जातो, ते संत भानुदास हे नाथांचे पणजोबा होत. मातापित्यांचे छत्र बालपणीच हरपल्याने आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला.

गुरुभेटीच्या ओढीने नाथ लहान वयातच घर सोडून देवगिरीस गेले. तेथे श्रीजनार्दनस्वामी हे निजामशाहीतर्फे किल्लेदार होते. स्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे, श्रीदत्तात्रेयांचे थोर उपासक. सुलतानाची चाकरी चोख बजावावी आणि आपली उपासनाही सोडू नये, असा त्यांचा आचार होता. स्वामींच्या उपासनेसाठी गुरुवारी किल्ल्याच्या कचेरीस सुट्टी असे, अशी परंपरा सांगते. नाथांकडे कचेरीच्या हिशेबाचे काम होते. एका पैची चूक शोधण्यात रात्र सरल्याची आणि ती सापडताच नाथांनी आनंदाने टाळी वाजविल्याची कथा सर्वश्रुत आहे. तेवढीच तन्मयता भगवंताच्या ठायी लाव, असा बोध स्वामींनी त्यांस केला. मात्र या वर्षांचा आणखी एक लाभ सहसा सांगितला जात नाही. किल्ल्यावर फारसी कागदपत्रे होती, दख्खनी बोली होती, मुसलमान शिपाई व अंमलदार होते. परधर्मीयाची भाषा आणि त्याची विचार करण्याची रीत नाथांनी येथेच जवळून पाहिली असली पाहिजे. पुढे त्यांनी रचलेल्या ‘अर्जदस्त’ या प्रकरणात जीवाची कैफियत थेट दरबारी फारसी वळणाने मांडली आहे, ती वाचताना याची खूण पटते.

गुरूंच्या आज्ञेने तीर्थयात्रा करून नाथ पैठणास परतले व गिरिजाबाईंसह त्यांनी आदर्श गृहस्थाश्रम केला. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची प्राकृत टीका पैठणास आरंभ होऊन इ.स. १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण झाली. १८ हजारांहून अधिक ओव्यांच्या या ग्रंथास काशीच्या पंडितांनी आधी विरोध केला व नंतर त्याचा गौरव केला, असे चरित्रकार सांगतात. इ.स. १५८४ मध्ये त्यांनी श्रीज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. संस्कृत न जाणणाऱ्या स्त्रीशूद्रादिकांस धर्म त्यांच्याच बोलीत सांगावा, हे कार्य नाथांनी आयुष्यभर केले. भारुडांत तर वासुदेव, जोशी, गोंधळी, फकीर अशी किती तरी सोंगे त्यांनी घेतली.

याच रचनांत ‘हिंदु-तुर्क संवाद’ आहे. त्या काळी मुसलमानास तुर्क म्हणत. ध्येय एकच, भजनाच्या रीती मात्र वेगळ्या, हे नाथ आरंभीच सांगतात आणि मग दोघांस समोरासमोर उभे करतात. हिंदू मराठीत बोलतो, तुर्क आपल्या दख्खनी हिंदीत. स्वधर्माची महती सांगावयास निघालेला ग्रंथकार बहुधा प्रतिपक्षास दुबळे प्रश्न देतो. नाथांनी तसे केले नाही. पुराणांतील देवांच्या कथांवर तुर्क बोट ठेवतो, पाषाणाच्या मूर्तीपुढे लोटांगण कशासाठी म्हणून विचारतो, सोवळ्याओवळ्याची थट्टा करतो. पैठणसारख्या वैदिकांच्या नगरीत एका ब्राह्मणाने हे आक्षेप आपल्याच लेखणीने मांडणे ही लहान गोष्ट नव्हती.

हिंदूही तितक्याच रोखठोकपणे उत्तरे देतो. देव सर्वत्र आहे, हे तर तुमचाही धर्म सांगतो. मग तो पाषाणात नाही, असे कसे म्हणता येईल? पश्चिमेकडेच मुख का करावे, इतर दिशा देवाच्या नव्हेत काय, असेही तो विचारतो. दोन्ही बाजूंचे शब्द कठोर आहेत. आजच्या वाचकास काही ठिकाणी ते बोचतीलही. संवादाचे मर्म मात्र पुढे आहे. बळाने हिंदूचा मुसलमान करण्याचा विषय निघतो, तेव्हा हिंदू म्हणतो की, ज्या देवाने हिंदू निर्माण केला तो देव चुकला काय, आणि त्याहून तुमची अक्कल थोर काय? दुसऱ्याचा धर्म बदलण्यास निघणे म्हणजे देवावरच दोष ठेवणे होय, असे नाथांना म्हणावयाचे आहे. हा न्याय लावला तर तुर्कास हिंदू करण्याचेही कारण उरत नाही, आणि संवादातील हिंदू तसे एकदाही सुचवीत नाही.

अखेर देवापाशी जात नाही, हे तुर्क मान्य करतो. हिंदूही म्हणतो की, आपण मुळी एकच. हा वाद जातिधर्मामुळे वाढला. दोघे एकमेकांस वंदन करून आलिंगन देतात. हिंदू हिंदूच राहतो, तुर्क तुर्कच.

नाथांच्या चरित्रातील यवनाची कथा याच्या जोडीने आठवावी. गोदास्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक यवन पुन्हापुन्हा थुंकला. प्रत्येक वेळी नाथ शांतपणे परत स्नानास गेले. १०८ वेळा असे घडल्यावर तो खजील होऊन चरणी लागला. त्याच्यामुळे इतकी स्नाने घडली म्हणून नाथांनी त्याचेच आभार मानले. तू माझा धर्म घे, असे नाथ त्यास म्हणाल्याचे या कथेत येत नाही.

इ.स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदातीरी देह ठेवला. ही तिथी नाथषष्ठी म्हणून साजरी होते. षष्ठीस भरणाऱ्या यात्रेची सांगता अष्टमीस काल्याच्या दहीहंडीने होते. समाधिमंदिर गोदाकाठी असून नाथांचा राहता वाडा गावात आहे. भाविकांनी दोन्ही स्थळी दर्शन घ्यावे. हिंदु-तुर्क संवाद नाथांच्या गाथेत समाविष्ट असून तो एका बैठकीत वाचून होतो.