पांडुरंग सदाशिव खानखोजे

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (नोव्हेंबर १८८४, वर्धा – २२ जानेवारी १९६७, नागपूर) हे भारतीय क्रांतिकारक, कृषिशास्त्रज्ञ आणि गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक होते. तरुणपणी देश सोडल्यानंतर त्यांनी जपान, अमेरिका, इराण, जर्मनी, रशिया आणि मेक्सिको या देशांत सुमारे चार दशके काढली. मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या संकरित वाणांवर संशोधन केले. छायाचित्रकार टीना मोदोत्ती आणि चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या कामातून त्यांचे कार्य व त्यांची प्रतिमा मेक्सिकोच्या कलेतही नोंदली गेली आहे.

बालपण आणि शिक्षण

खानखोजे यांचे वडील वर्धा येथे अर्जनवीस होते. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण वर्ध्यास पूर्ण करून पांडुरंग पुढील शिक्षणासाठी नागपुरास गेले. नागपूर संस्थान १८५४ साली खालसा झाले होते. तरी महाल, सक्करदरा या भागांत भोसले घराण्याच्या गतवैभवाच्या खुणा तेव्हाही दिसत होत्या. अशा वातावरणात लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव त्यांच्यावर पडला. सशस्त्र उठावावाचून स्वातंत्र्य मिळणार नाही आणि त्यासाठी लष्करी शिक्षण हवे, असे त्यांचे मत बनले. ब्रिटिश राज्यात ते मिळण्याची शक्यता नव्हती, म्हणून त्यांनी परदेशाची वाट धरली.

अमेरिकेतील वास्तव्य

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण घेतले. कॅलिफोर्नियातील एका लष्करी विद्यालयात त्यांनी युद्धशास्त्राचे धडे घेतले, तर वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून १९१३ मध्ये शेतीशास्त्राची पदवी मिळवली. शेती आणि शस्त्र या दोन विद्या त्यांनी एकाच वेळी आत्मसात केल्या, हे त्यांच्या आयुष्याचे वैशिष्ट्य होय.

किनारपट्टीवरील लाकूड गिरण्यांत पंजाबी मजूर मोठ्या संख्येने काम करीत. सोहनसिंग भकना, लाला हरदयाळ आदींसह खानखोजे यांनी त्यांना संघटित केले. यातूनच १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली. तिच्या लष्करी तयारीची बाजू प्रामुख्याने खानखोजे यांच्याकडे होती. याच काळात मेक्सिकोतील क्रांतिकारकांशी त्यांचा परिचय झाला. रामोन दे नेग्री यांची मैत्री त्यांना पुढे फार उपयोगी पडली.

इराण आणि युरोप

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. मेसोपोटेमियातील ब्रिटिश फौजेत असलेल्या भारतीय सैनिकांपर्यंत बंडाचा संदेश पोहोचविणे आणि इराण–बलुचिस्तानच्या वाटेने भारताच्या सीमेपर्यंत धडक मारणे, अशी ही योजना होती. त्यासाठी त्यांनी वेषांतर केले, मुसलमानी नावे धारण केली आणि तेथील टोळ्यांत मिसळून ते राहिले. योजना फसली. सहकाऱ्यांपैकी काही मारले गेले. खानखोजे कसेबसे निसटले.

युद्धानंतर ते बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या गटात आले. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासमवेत १९२१ मध्ये त्यांनी मॉस्कोचा प्रवास केला. तेथूनही अपेक्षित साहाय्य मिळाले नाही. भारतात परतणे म्हणजे अटक ओढवून घेणे होते.

मेक्सिकोतील कार्य

१९२४ साली खानखोजे मेक्सिकोत आले. दे नेग्री तेथील शासनात महत्त्वाच्या पदांवर होते. मेक्सिको शहराजवळील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात खानखोजे अध्यापक झाले आणि वनस्पतिशास्त्र व पीकसुधारणा हे विषय शिकवू लागले.

मका हे मेक्सिकोचे मुख्य अन्न. आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीला जे स्थान, तेच तेथे मक्याच्या तोर्तियाला आहे. मक्याचा रानटी भाऊबंद असलेले तेओसिंते हे गवत त्या भूमीत उगवते. खानखोजे यांनी मका व तेओसिंते यांच्या संकराचे प्रयोग केले. मका, गहू व कडधान्ये यांची अवर्षणात आणि थंडीत तग धरणारी वाणे तयार करण्यावर त्यांचा भर होता. प्रयोगशाळेतील ज्ञान भूमिहीनांपर्यंत जावे म्हणून १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा सुरू केल्या. तेथे शेतकऱ्यांना त्यांच्याच परिसरात शिक्षण मिळे.

छायाचित्रे आणि भित्तिचित्रे

इटलीत जन्मलेल्या टीना मोदोत्ती या त्या काळी मेक्सिकोत छायाचित्रण करीत होत्या. श्रमिकांचे हात, शेतकऱ्यांचे चेहरे, कष्टाची अवजारे हे त्यांचे विषय होते. खानखोजे यांचे मक्यावरील प्रयोग आणि मुक्त कृषिशाळा यांची छायाचित्रे त्यांनी काढली. मोदोत्ती यांना १९३० मध्ये मेक्सिकोतून हद्दपार करण्यात आले. त्यामुळे ही छायाचित्रे खानखोजे यांच्या त्या वर्षांतील कामाचा मोलाचा दृश्य पुरावा ठरतात.

दिएगो रिवेरा यांनी चापिंगोच्या विद्यालयात आणि मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत भित्तिचित्रे रंगविली. मंत्रालयातील १९२८ च्या एका चित्रात निरनिराळ्या वंशांची माणसे एका मेजाभोवती बसली आहेत. मध्यभागी भाकरी वाटणारी व्यक्ती खानखोजे असल्याचे मानले जाते. इराणात ज्याला वर्षानुवर्षे आपला चेहरा आणि नाव लपवावे लागले, त्याचा चेहरा एका परक्या देशाने राजधानीतील शासकीय भिंतीवर उघडपणे रंगविला.

कुटुंब आणि भारतात पुनरागमन

१९३६ मध्ये खानखोजे यांनी बेल्जियन असलेल्या जान सिंदिक यांच्याशी विवाह केला. त्यांना सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या.

भारत स्वतंत्र झाल्यावर त्यांना मायदेशाची ओढ लागली. परंतु ब्रिटिशांनी घातलेली प्रवेशबंदी सरकारी दप्तरात तशीच राहिली होती. ज्या स्वातंत्र्यासाठी देश सोडला, ते मिळाल्यावरही त्यांना देशाचे दार लगेच उघडले नाही. पुढे ही बंदी उठली आणि १९५०च्या दशकात ते नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

महाराष्ट्रात खानखोजे यांचे नाव दीर्घकाळ फारसे परिचित नव्हते. वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ते मराठी वाचकांपर्यंत पोहोचले. त्यांची कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत त्यांचे चरित्र लिहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो विद्यापीठाच्या आवारात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.