शनीवरून आल्याचं सांगणारे जॅझ संगीतकार सन रा कोण होते?

हर्मन ब्लाउंट यांचा जन्म १९१४ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात झाला. तिथे कृष्णवर्णीयांसाठी शाळाही वेगळ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिल्यामुळे त्यांना तुरुंगात जावं लागलं. १९५२ मध्ये त्यांनी कायदेशीररीत्या नाव बदललं आणि ते सन रा झाले. आपण शनी ग्रहावरून आलोय, असं ते सांगायचे.

पृथ्वीवर समान वागणूक मिळत नसेल, तर कृष्णवर्णीयांनी अंतराळात आपलं भविष्य शोधावं, हा त्यांच्या संगीतामागचा विचार. त्यालाच पुढे 'आफ्रोफ्युचरिझम' हे नाव मिळालं.

मोठ्या कंपन्यांवर विसंबून न राहता त्यांनी शिकागोत मित्रासोबत 'सॅटर्न' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. रेकॉर्डच्या मोजक्याच प्रती निघायच्या, काहींची कव्हर्स तर हाताने रंगवलेली असायची.

१९९३ मध्ये सन रा यांचं निधन झालं. त्यांचा वाद्यवृंद 'आर्केस्ट्रा' मात्र त्यानंतरही वाजत राहिला.