मेक्सिकोच्या मातीत रुजलेला बंडखोर

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव महाराष्ट्राला क्रांतिकारक म्हणून थोडेफार ठाऊक आहे. कृषिशास्त्रज्ञ म्हणून जवळपास नाहीच. मेक्सिकोत मात्र नेमके उलट घडले. ज्या स्पॅनिशभाषक देशात भारतीय माणूस क्वचितच दृष्टीस पडे, तेथे वर्ध्यात जन्मलेल्या या मराठी माणसाने मक्याच्या शेतात उमेदीची वर्षे वेचली. तेथवर नेणारी त्यांची वाट शीख मजुरांच्या वस्त्यांतून गेली होती.

१८८४ साली जन्मलेले खानखोजे लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखाली वाढले. परदेशी जाऊन लष्करी शिक्षण घ्यायचे, या ध्यासाने ते जपानमार्गे अमेरिकेत पोचले. मिळेल ती मजुरी करीत त्यांनी कॅलिफोर्नियातील एका लष्करी अकादमीत धडे गिरवले आणि ओरेगॉनच्या महाविद्यालयात कृषिशास्त्राचा अभ्यासही केला.

पॅसिफिक किनाऱ्यावरील लाकूड कापण्याच्या गिरण्यांत तेव्हा पंजाबातून आलेले शीख राबत. त्यांतील कित्येकांनी इंग्रजांच्या फौजेत नोकरी केलेली. अमेरिकन लोक मात्र या पगडीधाऱ्यांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण करून हुसकून लावले. ज्या साम्राज्यासाठी आपण लढलो त्याला आपली फिकीर नाही, हे या मजुरांना अशा अनुभवांतून कळू लागले होते. खानखोजे यांनी पंडित काशीराम यांच्यासह त्यांना संघटित करण्यास आरंभ केला. पुढे सोहनसिंग भकना यांच्या अध्यक्षतेखाली १९१३ मध्ये जी संघटना उभी राहिली, ती ‘गदर’ पक्ष म्हणून इतिहासात अमर झाली. तिच्या लष्करी आघाडीची धुरा खानखोजे यांच्याकडे होती. मराठी तरुण आणि शीख शेतकरी यांची अशी सोबत त्या काळी अपूर्वच म्हणावी लागेल. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हेही याच पक्षातले. १९१५ चा उठाव फसला आणि १६ नोव्हेंबर रोजी लाहोरच्या तुरुंगात पिंगळे व अवघ्या एकोणीस वर्षांचे कर्तारसिंग सराभा एकाच दिवशी फासावर गेले.

खानखोजे त्या सुमारास इराणच्या बाजूने हिंदुस्थानच्या सीमेवर धडकण्याच्या खटपटीत होते. तेथे ते लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. पुढे बर्लिन, मॉस्को असा प्रवास झाला. मायदेशाचे दार बंद होते. अमेरिकेनेही १९१७ च्या कायद्याने भारतीयांना प्रवेश नाकारला होता, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख माजी सैनिकाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासही अपात्र ठरवले. सीमेलगतच्या इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह करून संसार थाटले. स्पॅनिश बोलणारी सिंग आडनावाची मुले त्या घरांत वाढली.

खानखोजे १९२४ मध्ये थेट मेक्सिकोतच गेले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. क्रांतीनंतर मेक्सिकोतील भूमिहीनांना जमिनी मिळू लागल्या होत्या, पण जमीन मिळाली म्हणजे पीक येतेच असे नाही. हे ओळखून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढण्यात पुढाकार घेतला. मका आणि त्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते यांचा संकर करून त्यांनी नवे वाण तयार केले. गव्हावरही संशोधन केले. टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाची छायाचित्रे टिपली. मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेरा यांनी रंगवलेल्या चित्रात, मेजाच्या टोकाशी बसून भाकरी मोडणारी व्यक्ती खानखोजेच असल्याचे मानले जाते. बंदुकीसाठी घर सोडलेल्या माणसाचे चित्र भाकरीसह निघावे, हा योग विलक्षणच.

१९३६ मध्ये त्यांनी जाँ सिंदिक या बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन कन्या. देश स्वतंत्र झाला, तरी इंग्रजी अमदानीतील बंदीमुळे खानखोजे यांचा व्हिसाचा अर्ज आरंभी फेटाळला गेला! ज्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी अर्धे जग पालथे घातले, त्याच स्वतंत्र देशाच्या दाराशी त्यांना तिष्ठावे लागले. अखेर बंदी उठली आणि ते नागपुरात स्थायिक झाले. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहण्यास २०२२ साल उजाडावे लागले.