चाळीतील परिचारिका

इ. स. १८९३ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. न्यूयॉर्क शहराच्या एका गरीब वस्तीत लिलियन वाल्ड ही तरुण परिचारिका बायकांना घरगुती शुश्रूषेचे धडे देत होती. बिछाना कसा घालावा हे ती दाखवीत असता एक लहान मुलगी आत आली. आपली आई आजारी आहे, असे तिने सांगितले. लिलियन तत्काळ तिच्यामागून निघाली. घाणीने भरलेले रस्ते आणि चिखलाळलेले जिने तुडवीत ती ज्या बिऱ्हाडात पोहोचली, तेथे दोनच खोल्यांत सात जणांचे कुटुंब राहत होते. नुकतीच बाळंत झालेली मुलीची आई रक्तस्रावाने क्षीण होऊन मळक्या अंथरुणावर पडली होती. लिलियनने तिला स्वच्छ केले, अंथरूण बदलले, जमीनही धुतली. ती निघाली तेव्हा घरच्या माणसांनी कृतज्ञतेने तिच्या हातांचे चुंबन घेतले.

लिलियनचा जन्म १८६७ मध्ये एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला होता. परिचारिकेचे शिक्षण संपवून ती वैद्यक महाविद्यालयात शिकत होती. त्या सकाळनंतर तिने महाविद्यालय सोडले आणि लवकरच मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्याच वस्तीत, एका चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटले.

वस्तीतील बहुतेक कुटुंबे युरोपातून आलेली. अनेकांना इंग्रजी येत नसे. इस्पितळाचे नाव काढताच पुष्कळ जण भीत. अशा घरांत परक्या बाईस दार कोण उघडणार? परंतु लिलियन आता शेजारीण झाली होती. डॉक्टरची चिठ्ठी नसली तरी आईने बोलावताच ती जाई. कोणाचा धर्म विचारीत नसे. ज्यांना शक्य होते त्यांच्याकडून ती काही सेंट घेई. इतरांकडून काहीच नाही. गरिबांकडून पैसे घेणे कोणास कठोर वाटेल. पण त्यामुळेच त्या मातांना भिक्षा घेतल्याची लाज वाटत नसे.

१८९५ मध्ये एका धनिकाच्या साहाय्याने हेन्री स्ट्रीटवर संस्थेसाठी घर मिळाले. परिचारिका वाढल्या. जिन्यांची चढउतर वाचावी म्हणून त्या एका चाळीतून दुसरीत गच्च्यांवरूनच जात!

त्या काळी डोळ्यांचा किंवा त्वचेचा संसर्गजन्य रोग झालेल्या मुलांना शाळेतून घरी पाठवीत. पण घरी उपचार कोण करणार? आईस ते ठाऊक नसत. १९०२ मध्ये लिलियनने लीना रॉजर्स या परिचारिकेस एका महिन्यासाठी शहराच्या शाळांकडे दिले. लीना चार शाळांतील मुलांवर उपचार करी, मग त्यांच्या घरी जाऊन आईस ते प्रत्यक्ष करून दाखवी. मुले वर्गात परतू लागली. हे पाहून शहराने शाळांसाठी आणखी परिचारिका नेमल्या.

१९३३ पर्यंत संस्थेची धुरा वाहून लिलियन निवृत्त झाली. १९४० मध्ये तिचे निधन झाले.